गाओकाओचे इंग्रजी उतारे आपल्या अकरावी-बारावीला कसे लावायचे?

खडूची_धूळ (कुडाळ)

ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी प्रश्न आहे. वर्ग साठ जणांचा, तास चाळीस मिनिटांचा, निम्म्याहून जास्त मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यावर मार्क मिळतात, कारण उत्तरं गाईडात तयार असतात. न पाहिलेला उतारा आला की तीच मुलं प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात शोधतात आणि जिथे सापडेल तिथलं अख्खं वाक्य उतरवून मोकळी होतात.

म्हणून ज्याचं गाईड बाजारात नाही असं काहीतरी हवं आहे. चीनमध्ये बारावीनंतर विद्यापीठ प्रवेशाची गाओकाओ परीक्षा असते, तिच्या इंग्रजीच्या काही जुन्या पत्रिका हाती आल्या आहेत. उतारे आटोपशीर आहेत, विषय बरे आहेत. पण सगळ्या पत्रिकांचा साचा सारखा नाही, मग कुठली घ्यायची? उताऱ्यात मधेच कंसात चिनी अक्षरं येतात, त्यांचं काय करायचं? एका तासात किती झेपेल? आणि पाच रिकाम्या जागा नि खाली सात वाक्यं असा एक प्रकार आहे, तो फळ्यासमोर उभं राहून शिकवायचा कसा?

लाल_शाई (रत्नागिरी)

आधी जुनी-नवी पत्रिका ओळखायची खूण. गाळलेल्या शब्दांच्या उताऱ्यात २० जागा आणि शेवटी चुका दुरुस्त करायचा उतारा असेल तर ती जुन्या राष्ट्रीय साच्याची. जागा १५ आणि शेवटी अर्धवट गोष्ट पुढे लिहायला दिलेली असेल तर नव्या साच्याची. हा नवा साचा २०२० साली शांदोंग आणि हायनानमध्ये आला, मग बऱ्याच प्रांतांत गेला. तुम्ही नवीच घ्या. शांघाय, पेइचिंग, थ्येनचिन यांच्या पत्रिका स्वतंत्र असतात. सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नका, शांघायची तर मुळीच नको, ती कठीण पडते.

नवी पत्रिका १५० मार्कांची, वेळ १२० मिनिटं. ऐकण्याला ३०, वाचनाला ५०, भाषेच्या वापराला ३०, लेखनाला ४०. वाचनाच्या ५० मार्कांत चार उताऱ्यांवर १५ प्रश्न आणि सात-पाचाच्या ५ जागा, सगळे अडीच-अडीच मार्कांचे. उताऱ्यांना ए, बी, सी, डी अशी नावं असतात. ए वर तीन प्रश्न, बाकी तिघांवर चार-चार. ए म्हणजे बहुधा जाहिरात, सूचना, संग्रहालयाच्या वेळा, शिबिराचे दर असला व्यवहारी मजकूर. बी बहुतेक वेळा माणसाची गोष्ट, सी माहितीपर, डी एखादं संशोधन किंवा मतप्रदर्शन. चढण ए कडून डी कडे वाढत जाते, म्हणून चारही उतारे एका दमात सोडवायला देऊ नका. गणपतीच्या सुट्टीआधी फक्त ए आणि बी, दिवाळीनंतर सी, आणि डी बारावीला.

एका तासाला एकच उतारा. ८ मिनिटं एकट्याने वाचून उत्तरं, ५ मिनिटं शेजाऱ्याशी पडताळा, २० मिनिटं फळ्यावर, उरलेली ७ लिहायला. पडताळा करताना नियम एकच: "माझं बी आलं, तुझं काय?" असं विचारायचं नाही. ओळीचा आकडा सांगायचा. म्हणून छापतानाच उताऱ्याच्या डाव्या कडेला दर पाचव्या ओळीला आकडा घाला. एवढ्याने अर्धी अडचण सुटते, कारण अंदाजाने टिक केलेल्याला ओळ दाखवता येत नाही.

कंसातली चिनी अक्षरं म्हणजे शब्दार्थ. तिथल्या उच्च माध्यमिक अभ्यासक्रमात परीक्षेच्या टप्प्यापर्यंत साधारण ३००० ते ३२०० इंग्रजी शब्द धरलेले आहेत; त्याबाहेरचा शब्द उताऱ्यात आला की पत्रिका काढणारे पुढे चिनी अर्थ देतात. तिथे मराठी अर्थ टाका. आपल्या मुलांना आणखी पाच-सहा शब्दांना आधार लागेल, तोही द्या. फक्त एक तपासा: ज्या शब्दाखाली रेघ आहे आणि ज्याचा अर्थ प्रश्नात विचारला आहे, त्याला चुकूनही अर्थ देऊ नका. ही चूक हमखास होते, कारण शब्दार्थ घालणारा माणूस आधी प्रश्न वाचत नाही.

आणि इंटरनेटवर फिरणाऱ्या प्रती पुन्हा टाइप केलेल्या असतात. उत्तरसूचीतही घोळ असतात. दोन वेगळ्या ठिकाणच्या प्रती ताडून पाहिल्याशिवाय झेरॉक्सला टाकू नका.

रापणकर (मालवण)

साचा वर आला आहे, मी पर्यायांबद्दल लिहितो. खरी मेख तिथे आहे.

प्रश्न चारच जातीचे असतात: तपशील, अनुमान, मध्यवर्ती कल्पना, शब्दाचा अर्थ संदर्भावरून. तपशिलाचे प्रश्न मुलांना सोपे वाटतात आणि तिथेच ती पडतात. कारण बरोबर पर्यायात उताऱ्यातले शब्द सहसा नसतात, तोच अर्थ दुसऱ्या शब्दांत असतो. उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे असतात ते चुकीच्या पर्यायात. शब्द जुळवणाऱ्यासाठी मुद्दाम टाकलेलं ते आमिष.

आपल्याकडचा विषय घेऊन दाखवतो. उतारा इंग्रजीत करा, इथे मजकूर मराठीत देतो.

"वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री वर येऊन वाळूत अंडी घालतात. कोल्हे-कुत्री घरटी उकरतात, म्हणून स्वयंसेवक अंडी उचलून कुंपणातल्या हॅचरीत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळू जास्त गरम असली तर माद्या जास्त निपजतात."

प्रश्न: स्वयंसेवक अंडी का हलवतात?
ए) पिल्लं ४५ दिवसांत बाहेर यावीत म्हणून.
बी) प्राण्यांकडून होणारं नुकसान टाळायला.
सी) गरम वाळूत माद्यांची संख्या वाढवायला.
डी) हॅचरीबाहेर एकही घरटं वाचत नाही म्हणून.

उत्तर बी. त्यात कोल्हा नाही, कुत्रा नाही, उकरणं नाही. "प्राणी" आणि "नुकसान" आहे. ए मध्ये आकडा उताऱ्यातला, पण तो कारण नव्हे. सी सगळ्यात घातक: दोन खऱ्या गोष्टी घेऊन त्यांच्यामध्ये खोटं "म्हणून" घातलं आहे. डी मध्ये "एकही" घालून गोष्ट ताणली.

वर्गात फक्त बरोबर उत्तर सांगून पुढे जाऊ नका. उरलेल्या तीन पर्यायांवर प्रत्येकी एक शब्द लिहून घ्या. शिक्के पाचच पुरतात: "उताऱ्यात नाही", "ताणलं", "उलटं", "भलतं कारण", "खरं पण विचारलेलं नाही". "ताणलं" साठी ऑल, ओन्ली, नेव्हर, मस्ट हे शब्द पर्यायात दिसले की उताऱ्यात जाऊन बघायचं: तिथे सम, मे, ऑफन तर नाही ना? मात्र ऑल दिसला की पर्याय चूकच, असा नियम पोरांना देऊ नका. उताऱ्यातही ऑल असेल तर तो पर्याय बरोबर असू शकतो. असले तोडगे क्लासवाले वाटतात आणि पोरं वाचायचंच सोडून देतात.

अनुमानाच्या प्रश्नाला एकच पाऊल टाकायचं. कुंपण आहे, तर बाहेर धोका आहे, इथवर ठीक. "गावकऱ्यांचं निसर्गावर प्रेम आहे" हे दुसरं पाऊल, ते उताऱ्यात कुठेच नाही. आपली मुलं इथे फार चुकतात, कारण मराठीच्या पेपरात असं भावपूर्ण लिहिलं की मार्क मिळतात.

मथळ्याच्या प्रश्नात प्रत्येक परिच्छेदापुढे समासात तीन-चार मराठी शब्द लिहायला लावा आणि मग मथळा तपासा: एकाच परिच्छेदाला पुरतो तो अरुंद, उताऱ्याबाहेरचंही पोटात घेतो तो ऐसपैस. लेखकाचा सूर विचारला तर पर्यायात एकेकच शब्द असतो, जसं स्केप्टिकल, कन्सर्न्ड, ऑब्जेक्टिव्ह, इनडिफरंट. असे पंधराएक शब्द वेगळे पाठ करून घ्यावेच लागतात, उताऱ्यातून ते उमजत नाहीत. इनडिफरंट हे उत्तर क्वचितच असतं. ज्याला काही पडलेलंच नाही तो लिहायला कशाला बसेल?

वाळूतली_रेघ (दापोली)

रापणकर, पर्यायांचं पटलं, पण शब्दांचा प्रश्न तुम्ही बाजूला ठेवलात. चिनी मुलं तीन हजार शब्दांची यादी घोटून या उताऱ्यांपर्यंत येतात. आपली मुलं तशी येत नाहीत. उतारा झेपणार की नाही हे आधी मोजा, मोजायला पाच मिनिटं लागतात. उताऱ्याच्या मधले सलग शंभर शब्द घ्या (पहिले नको, सुरुवात नेहमी सोपी असते). वर्गातली वरची पाच, मधली पाच, खालची पाच मुलं निवडा आणि अनोळखी शब्दाखाली रेघ मारायला सांगा. विशेषनामं मोजू नका. मधल्या पाचांची सरासरी दोनपर्यंत आली तर उतारा स्वतंत्र वाचायला द्या. पाचपर्यंत असेल तर शब्दार्थ देऊन वर्गात करा. दहाच्या घरात गेली तर तो उतारा ठेवून द्या, तिथे आकलन शिकवलं जात नाही, फक्त अंदाज शिकवला जातो.

दुसरं म्हणजे वाक्यरचना. शब्द सगळे येतात आणि वाक्य कळत नाही, असं होतं ते नामानंतर येणाऱ्या विशेषणामुळे. मराठीत आपण "मालवणजवळ पकडलेली मासळी गोव्याला गेली" म्हणतो, विशेषण आधी. चिनीतही असंच, वर्णन नामाच्या आधी येतं. इंग्रजीत ते उलटून मागे जातं: द फिश कॉट ऑफ मालवण वॉज सेंट टू गोवा. इथे आपलं पोर "कॉट" लाच मुख्य क्रियापद समजतं आणि "माशाने पकडलं" असा अर्थ लावून पुढे जातं. मग "वॉज सेंट" कोणाचं, ते कळेनासं होतं आणि ते वाक्य सोडून देतं. वर्तमानपत्रातून घेतलेल्या सी आणि डी उताऱ्यांत अशी वाक्यं ओळीओळीला सापडतात.

उपाय पेन्सिलीचा आहे. वाक्यातल्या सगळ्या क्रियारूपांना गोल करा. ज्याच्याआधी हू, विच, दॅट आहे त्याला कंस घाला. उरलेल्या ईडी किंवा आयएनजीच्या रूपाआधी इज, वॉज, हॅव यांपैकी काही नसेल तर मराठीत "-लेला" किंवा "-णारा" लावून पाहा. अर्थ बसला तर तोही कंसात. कॉट, मेड, सोल्ड यांना ईडी नसतो, ती तिसरी रूपं पोरांना वेगळी दाखवावी लागतात. कंसाबाहेर जे क्रियापद उरतं ते मुख्य. रोज तासाच्या सुरुवातीला अशी तीनच वाक्यं फळ्यावर घ्या. तीन म्हणजे तीन. दहा घेतलीत तर तो व्याकरणाचा तास होतो आणि उतारा राहून जातो.

तांबडी_माती (कणकवली)

एक आधी करून बघा. तोच उतारा मराठीत करून पोरांका द्या, प्रश्न तेच. मराठीत सगळे बरोबर इले आणि इंग्रजीत एकच, तर दुखणा शब्दांचा नायतर वाक्याचा. मराठीतच निम्मे चुकले, तर दुखणा वाचनाचा. मग इंग्रजी शब्द कितीय पाठ करून घेतल्यात तरी उपेग नाय.

खडूची_धूळ (कुडाळ)

सगळ्यांचे आभार. मराठीत देऊन बघायचं सुचलंच नव्हतं, सोमवारी तेच करतो. आता सात-पाचाबद्दल कोणीतरी सांगा. उत्तर "बसतं म्हणून बसतं" याच्या पलीकडे मला समजावता येत नाही.

लाल_शाई (रत्नागिरी)

चिनी मुलं त्याला "छी श्वेन वू" म्हणतात, सातातून पाच निवडा. माझ्या मते आपल्या मुलांना सगळ्यात उपयोगी भाग हाच, कारण इथे शब्द जुळवून काही हाती लागत नाही. वाक्याला वाक्य कशाने धरलं आहे हेच बघावं लागतं.

आंब्याचं उदाहरण घ्या, मुलांच्या माहितीतलं आहे. "आंबा थोडा देठ ठेवूनच झेल्याने उतरवावा. ______ हा चीक सालीवर ओघळला की काळे डाग पडतात." जागेत काय येईल? "देठ मुळापासून तुटला की आतून चीक येतो." का? कारण पुढच्या वाक्यातल्या "हा" ला धरायला आधी चीक हवा. आता दुसरा पर्याय ठेवा: "हापूसला बाजारात चांगला भाव मिळतो." विषय आंब्याचाच, वाक्य खरंच, पण "हा" लोंबकळत राहतो. इंग्रजीत तोच "हा" म्हणजे दिस. हे एकदा मराठीत दाखवलं की "बसतं म्हणून बसतं" संपलं.

करायची पद्धत अशी. पहिल्या वाचनात खालची सात वाक्यं झाकून ठेवायची, खरोखर वहीने झाकायची. फक्त उतारा वाचून प्रत्येक जागेपाशी समासात एक मराठी शब्द लिहायचा: कारण, उदाहरण, उलट, पुढची पायरी, मथळा. मग सात वाक्यं उघडायची आणि त्यांतल्या दिस, दीज, दे, इट, सच, अनदर, हाऊएव्हर, इन्स्टेड, ऑल्सो यांना गोल करायचा. दे असेल तर आधीच्या वाक्यात अनेकवचनी नाम लागतं. अनदर असेल तर आधी एक येऊन गेलेलं असतं. हाऊएव्हर असेल तर आधीचं वाक्य उलट्या बाजूचं हवं. जी जागा सगळ्यात पक्की वाटते ती आधी भरा, पहिलीच भरली पाहिजे असं नाही.

जागा कुठे आहे यावरही ठरतं. परिच्छेदाच्या तोंडाशी असेल तर पुढच्या सगळ्या वाक्यांना पोटात घेणारं वाक्य हवं. शेवटी असेल तर बहुधा परिणाम, किंवा पुढच्या परिच्छेदाकडे नेणारं. उपमथळ्याची असेल तर इतर उपमथळ्यांचा घाट बघा: ते सगळे आज्ञार्थी असतील तर हाही तसाच, ते लहान असतील तर हाही लहान. यात फुकटचे अडीच मार्क असतात आणि मुलं सोडून येतात.

चुकतं कुठे? एक वाक्य भलत्या जागी गेलं की त्याच्या हक्काच्या जागी दुसरंच बसतं, म्हणजे एका चुकीला पाच मार्क जातात. म्हणून शेवटी उरलेल्या दोन वाक्यांची उलटतपासणी करायची: हे पाचही जागांवर का बसत नाही? कारण सांगता आलं नाही तर कुठेतरी अदलाबदल झाली आहे.

वर्गात पट्ट्या कापा. सात वाक्यांच्या सात पट्ट्या, पाच जणांत एक संच, साठांना बारा संच. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू चांगली टिकते. पट्टी हलवता येते म्हणून मुलं बसवून बघतात. पेनाने लिहिलं की खोडायला जीवावर येतं आणि चूक तशीच राहते.

स्वतः उतारा बनवताना अडीचशे शब्दांचा सलग मजकूर घ्या, पाच वाक्यं काढा, दोन खोटी घाला. खोट्या वाक्यात विषयाचे शब्द असायला हवेत, पण एखादं सर्वनाम लोंबकळणारं ठेवा. एकाच परिच्छेदातून दोन लागोपाठची वाक्यं काढू नका, तिथे दोन्ही क्रम चालून जातात आणि मग मुलं बरोबर भांडतात. बनवलेला उतारा सहकाऱ्याला उत्तर न सांगता सोडवायला द्या. त्याला एखाद्या जागी दोन उत्तरं सुचली तर ती जागा बदला.

वाळूतली_रेघ (दापोली)

एक राहिलं. गाओकाओच्या या भागात फक्त टिक करायची असते, आपल्या बोर्डाला लिहावं लागतं. बारावीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली तपशील, अनुमान, स्वतःचं मत, व्याकरण, शब्द अशा कृती येतात, पुढे सारांशही असतो. म्हणून शेवटच्या ७ मिनिटांत निवडलेल्या पर्यायाचं एक पूर्ण इंग्रजी वाक्य करून घ्या, बिकॉजसकट, उतारा पालथा ठेवून. पालथा नसेल तर पुन्हा उताऱ्यातलंच वाक्य उतरवतील. आठवड्यातून एकदा समासातल्या त्या मराठी शब्दांवरून पन्नास-साठ शब्दांचा सारांश. त्यासाठी सी उतारा बरा, बी मधल्या गोष्टीचा सारांश करायला घेतला की मुलं अख्खी गोष्ट पुन्हा सांगत बसतात.

खडूची_धूळ (कुडाळ)

ठरलं. सोमवारी ए उतारा मराठीत, मंगळवारी तोच इंग्रजीत, ओळींच्या आकड्यांसकट. पट्ट्या बुधवारपासून. लग्नपत्रिका आमच्या स्टाफरूममध्ये पोतंभर आहेत.

तांबडी_माती (कणकवली)

मंगळवारी प्रश्नांचो आणि पर्यायांचो क्रम बदला. नायतर सोमवारची उत्तरा तोंडपाठ करून येतले.